गेलो-आलोची वही

१

मला पूर्व-पश्चिम कळत नाही. उजवं-डावं कळतं, पण तेही आपण पेन कोणत्या हातात धरतो हे आठवून बघितल्यावर. सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे मी, आणि अजून लिफ्टमधून बाहेर पडले की आधी चुकीच्या बाजूला वळते, मग काहीतरी विसरल्यासारखं तोंड करून परत फिरते. अशा बाईला पंचवीस वर्षांपूर्वी एका माणसानं अख्ख्या गावाचा नकाशा करायला दिला आणि ती 'हो' म्हणाली. देणारा मूर्ख की घेणारी, यावर मी बराच विचार केलाय. देणाऱ्याची आज सात मजली इमारत आहे, त्यामुळे उत्तर उघड आहे.

गाव म्हणजे खरं नव्हे, खेळातलं. तेव्हा चित्रं नव्हती. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची: तुम्ही चौकात उभे आहात, पूर्वेला लोहार, उत्तरेला विहीर. तुम्ही 'पूर्व' असं टाइप केलं की पोचलात लोहाराकडे. फोनच्या तारेवरून वेगवेगळ्या घरांतली माणसं एकाच वेळी त्या चौकात येऊन उभी राहायची. घरी हिशेबनीस असलेला इथे योद्धा असायचा, घरी कोणी न विचारणारी बाई इथे वैद्य. हल्ली असले खेळ कोट्यवधी लोक खेळतात. तेव्हा आमचा खेळ पाचशे लोकांना माहीत होता आणि बनवणारे आम्ही तिघं होतो, दाताच्या दवाखान्यावरच्या एका खोलीत. खालून दिवसभर दात कोरण्याचा आवाज यायचा.

खोल्या मी लिहायचे. मशीन माझा धाकटा भाऊ सांभाळायचा. तिसरा कॅप्टन. कॅप्टन नक्की काय करायचा हे मला अजून नीट सांगता येत नाही, पण कंपनी त्याची आहे.

२

आमच्या गावात प्रत्येक दार दोनदा करावं लागायचं. हे बाहेरच्यांना पटकन समजत नाही. खऱ्या दारातून आत गेलात की त्याच दारातून बाहेर येता, सुताराला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. आमच्याकडे चौकातून लोहाराकडे जायचं दार वेगळं लिहायचं, आणि लोहाराकडून चौकात यायचं वेगळं. दुसरं लिहायला विसरलं की गेलेला माणूस तिथेच, लोहाराशी गप्पा मारत.

मी विसरायचे. नाही विसरले तर भलत्याच दिशेला लावायचे. विहिरीवर गेलेला माणूस स्मशानात निघायचा. कॅप्टननं माझं नाव 'नकाशाबाई' ठेवलं ते तेव्हापासून.

म्हणून धाकट्यानं वही सुरू केली. रोज सकाळी गाव लोकांसाठी उघडायच्या आधी तो माझ्या नव्या खोल्यांमधून स्वतः फिरून यायचा. वहीत खोलीचा नंबर, वेळ आणि दोन रकाने: गेलो, आलो. आत गेला की पहिल्यात बरोबरची खूण, बाहेर आला की दुसऱ्यात. एखाद्या खोलीतून बाहेर येता आलं नाही तर मला हाक मारायचा, 'ताई, काढ.' मग मी दार लिहायचे आणि तो खूण करायचा. दाखला देणाऱ्या सरकारी कारकुनासारखा गंभीर चेहरा असायचा त्याचा. वीस वर्षांचं वय आणि खिशात दोन पेनं. मी त्याला चिडवायचे, की तू जेवायला बसलास तरी ताटात खूण करत असशील, घास गेला, घास आला.

३

यंदा कंपनीला पंचवीस वर्षं झाली. तळमजल्यावर मोठं प्रदर्शन, आणि सोबत एक पुस्तिका, 'सुरुवातीचे दिवस'. कॅप्टननं मला सातव्या मजल्यावर बोलावलं. तूच लिही म्हणाला, तेव्हाची तू एकटीच उरलीस. प्रकरणांची यादीही तयार होती. त्यात सहाव्या प्रकरणाचं नाव होतं 'घरभेदी'.

मी दोनदा वाचलं.

झालं होतं असं. पहिल्या वर्षी, एका सकाळी अकराच्या सुमारास धाकटा खोलीतून निघून गेला तो गेलाच. आजतागायत पत्ता नाही. कॅप्टननं सगळ्यांना सांगितलं की खेळाची नक्कल घेऊन पळाला, कुठेतरी विकली असणार. ती नक्कल कोणी कधी पाहिली नाही. धाकट्याचे बूट टेबलाखाली तसेच होते. मी तेव्हा विचारलंही होतं की पळणारा माणूस बूट का ठेवून जाईल. कॅप्टन म्हणाला, घाईत असेल.

वडिलांनी त्याचं नाव घ्यायचं सोडलं आणि आठ वर्षांनी तसेच गेले. आई नाव घेते, पण एकटी असताना. मी दारात आले की गप्प होते, कारण मी कॅप्टनकडे नोकरी करते. आणि मी? लाज वाटते म्हणून पटकन सांगून टाकते. मीही मानलं. सोयीचं होतं. चोर भावावर रागावता येतं, आणि राग असला की दुसरं काही आठवावं लागत नाही.

'तुझ्या हातून आलं की खरं वाटेल,' असं कॅप्टन म्हणाला. हे तो मला, त्या मुलाच्या बहिणीला, हातात कॉफीचा कप धरून सांगत होता. मी मान डोलावली आणि खाली आले. लिफ्टमधून निघून चुकीच्या बाजूला वळले, आणि त्या दिवशी परत फिरलेच नाही. तशीच जिन्यानं तळघरात गेले, जिथे जुनी खोकी ठेवली आहेत. चोर म्हणायचंच असेल तर निदान पुरावा दाखवून म्हणा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि पुरावा नसेल, तर ते सहावं प्रकरण मी कोणालाही लिहू देणार नव्हते.

४

वही चौथ्या खोक्यात निघाली. पानोपानी त्याच्या नीटनेटक्या खुणा. गेलो, आलो. गेलो, आलो. मला हसू येत होतं.

शेवटच्या पानावर शेवटची ओळ: खोली २१२. वेळ ११.२०. गेलो, बरोबर. आलोचा रकाना रिकामा.

पळायच्या घाईत असलेला माणूस खोलीचा नंबर आणि वेळ घालून खूण करत नाही. एवढं माझ्यासारखीलाही कळतं. पण मला घाम फुटला तो वेगळ्याच कारणानं. २१२ मला आठवली.

आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. त्यानं माझ्या अकरा चुका कॅप्टनसमोर वाचून दाखवल्या, आणि कॅप्टन पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आले आणि फक्त त्याच्यासाठी एक खोली लिहिली. शब्द न् शब्द पाठ आहे: 'ही आतली खोली. इथे एक टेबल, एक खुर्ची आणि एक फडफडणारी ट्यूबलाइट आहे. दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्यांनी इथे बसावं आणि मोजत राहावं. इथून कुठेही जाता येत नाही.'

परतीचं दार केलं नाही. आयुष्यात एवढं एकच दार मी न विसरता, मुद्दाम वगळलं. त्यानं अडकावं, आणि 'ताई, काढ' म्हणावं. मग मी जरा भाव खाणार होते. तेवढ्यासाठी मुद्दाम चहा घ्यायला खाली गेले, मारू दे हाका म्हणून. वर आले तर खुर्ची रिकामी होती आणि अजून मागेपुढे होत होती.

यात काही अर्थ नाही, असं मी तळघरात मोठ्यानं म्हणाले. खोली म्हणजे चार ओळी. चार ओळींत माणूस बसत नाही.

५

प्रदर्शनात आमची पहिली खोली हुबेहूब उभी केली होती. तेच टेबल, तेच मशीन, आणि मागे प्लायवूडची भिंत. भिंतीला एक दार, शोभेचं. त्यामागे इमारतीची काँक्रीटची भिंत होती. जुनं मशीन कंपनीतल्या एका मशीनवाल्यानं महिनाभर खपून चालू केलं होतं. दुपारी सगळे जेवायला गेले की मी तिथे जायला लागले. पुस्तिकेसाठी टिपणं काढते असं त्याला सांगितलं.

मशीन सुरू झालं की पहिली ओळ येते ती गर्दीची. आमची शान होती ती. 'गावात सध्या' आणि पुढे आकडा. पहिल्या महिन्यांत तो दुपारी शून्यावर यायचा आणि कॅप्टन भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा. नंतर तो शून्यावर यायचा बंद झाला. वाढतच गेला. याच गोष्टीनं खेळ नावारूपाला आला: या गावात कधी शुकशुकाट नसतो, केव्हाही या, माणसं आहेतच.

माझा तेव्हा समज असा की कॅप्टन आकडा फुगवतो. नाहीतर मधेच फोन तुटलेल्या लोकांनाही मशीन मोजत राहत असेल.

आता पडद्यावर होतं: गावात सध्या १३०७.

मी मशीनवाल्याला विचारलं, हे कशाला जोडलंय. तो म्हणाला, 'कशालाच नाही मॅडम. फक्त वीज.' मग हा आकडा कुठून, तर जुना साठवलेला असेल. मलाही पटलं. तो जेवायला गेल्यावर मी माझ्या जुन्या नावानं गावात शिरले. आकडा १३०८ झाला. बाहेर पडले, १३०७. तीनदा करून बघितलं.

म्हणजे ते मशीन मोजत होतं. नीट, चोख, अगदी धाकट्यासारखं.

६

चौकात मी लिहिलेली पाटी अजून होती: 'आतल्या खोलीकडे.' धाकटा गेल्यानंतर ती मला कॅप्टननंच लावायला सांगितली. अडकलेले लोक वैतागून आतूनच इतरांना लिहायचे, इथून परत येता येत नाही, आणि इतरांना तिथेच जायचं असायचं. मी म्हटलं होतं, परतीचं दार करून टाकू का. कॅप्टन म्हणाला, त्याला हात लावू नकोस, लोक बोलतायत. मी म्हटलं बरं. फार तर मशीन बंद करतील आणि घरच्यांशी बोलायला उठतील, कोणाचं काय बिघडतंय.

त्या वर्षी फोन मीच घ्यायचे. चार फोन विचित्र आले. एका बाईचा अजून आठवतो. नवरा खेळत बसला होता म्हणे, ती कपडे वाळत घालून आली तर खुर्ची रिकामी, चपला खाली, आणि पडद्यावर कुठल्यातरी खोलीबद्दल लिहिलेलं. तिनं विचारलं, ती खोली कुठे आहे. मी म्हटलं, बाई, अशी खोलीच नाही हो, ती मी लिहिली आहे. थोडी हसलेसुद्धा. चारच फोन आले, म्हणून मी चौघांनाही वेडं ठरवलं. बाकीच्यांना आमचा नंबर मिळाला नसेल, हे तेव्हा सुचलं नाही.

गावात एक आज्ञा होती, 'डोकाव'. आत न जाता पलीकडच्या खोलीत नुसतं बघायची. मी पाटीपाशी उभी राहिले आणि डोकावले.

'ही आतली खोली. इथे एक टेबल आणि एक फडफडणारी ट्यूबलाइट आहे.'

खुर्चीचा उल्लेख नव्हता. त्या जागी लिहिलं होतं: 'बसायला जागा नाही.' हे मी लिहिलेलं नव्हतं. आणि खाली, 'इथे आहेत' असं म्हणून नावं यायला लागली. योद्धे, वैद्य, चोर, लोकांनी हौसेनं घेतलेली नावं. पडदा भरला, सरकला, पुन्हा भरला. मी हाताच्या मुठी आवळून बघत होते. नावं थांबेचनात. सगळ्यात शेवटी, तळाला, एक नाव आलं: धाकटा.

माझ्या डोक्यावरची खरी ट्यूबलाइट तेव्हा फडफडली. खोली हुबेहूब करायची म्हणून मुद्दाम तशी बसवली होती, हे मला माहीत होतं. तरी मी वर बघितलं नाही.

७

जिने चढून मी सातव्या मजल्यावर गेले. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता. कॅप्टन जेवून दात कोरत बसला होता. त्याला वही दाखवली. मी विचारलं, २१२ ला परतीचं दार नाही, हे तुला माहीत होतं का.

'होतं ना. म्हणून तर पाटी लावून घेतली तुझ्याकडून.'

मी आकड्याचं काढलं. तो म्हणाला, 'तेराशे सात. कालच बघून आलो. तेव्हा असे हजार झाले आणि आपलं नशीब फिरलं. विसरलीस?' आवाजात अभिमान होता. मला वाटलं होतं तो दचकेल, नाहीतर मला वेडी म्हणेल. वेडी म्हणाला असता तर मी आनंदानं घरी गेले असते.

मी भावाचं नाव घेतलं. पंचवीस वर्षांत त्याच्यासमोर पहिल्यांदा. तो म्हणाला की तुझा भाऊ पळाला, सहावं प्रकरण शुक्रवारपर्यंत दे, आणि उद्या मशीनला काच बसते आहे, आता त्याला बोट लावायचं नाही.

'इतिहासाला हात लावायचा नसतो, नकाशाबाई.'

मी कधी कोणावर ओरडले नाही, तेव्हाही ओरडले नाही. उठले, माझी खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली आणि निघाले. पण जिना उतरताना प्रत्येक पायरीवर मला एकेक आठवत होतं. वडील. आईचं गप्प होणं. पगारवाढ मिळाली म्हणून या माणसाचे हसून मानलेले आभार. दर वर्षी. पंचवीस वेळा.

८

प्रदर्शनाची खोली रिकामी होती. खुर्चीत बसले. खोल्या बांधायचा माझा जुना पासवर्ड टाकला; बांधणाऱ्याला मशीन गर्दीत मोजत नाही. कोणी बदललाच नव्हता, मला इतकं कोण विचारतं.

डाव्या तळहातावर पेनानं चार दिशा काढल्या. चौकातून आतली खोली पश्चिमेला, म्हणजे खोलीतून चौक पूर्वेला. तीनदा तपासलं. मग २१२ पुढे लिहिलं: पूर्व, चौक. आणि 'इथून कुठेही जाता येत नाही' ही ओळ खोडली. दोन मिनिटांचं काम होतं. पंचवीस वर्षं फक्त दोन मिनिटांचं काम होतं.

काही झालं नाही. मला थोडं बरं वाटलं, थोडी लाजही वाटली. मनात म्हटलं, बाई, घरी जा, आईला फोन कर, राजीनामा लिही.

मग पडद्यावर आकडा हलला. १३०६.

माझ्या पाठीमागे शोभेच्या दाराची कडी वाजली.

१३०५. प्लायवूडची भिंत ताणल्यासारखी करकरली, खूप माणसं टेकली तर करकरेल तशी. मी मागे वळले नाही. वळायला हवं होतं असं आता सगळे म्हणतील, पण तुम्ही बसून बघा तिथे. माझ्या खुर्चीमागून कोणीतरी गेलं, अनवाणी, टाचा जोरात आपटत. बंद कपाट उघडल्यावर येतो तसा वास आला. मग दुसरं. मग दोघं एकदम. मला वाटलं ते रस्त्याकडे जातील, उन्हात, आपापल्या घरी. कान देऊन ऐकलं तर पावलं जिन्याकडे वळत होती, आणि वर चढत होती. पहिला मजला. दुसरा. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

समोरच्या काळ्या काचेत, हिरव्या अक्षरांच्या मागे, क्षणभर एक बाई दिसली. हातात कपड्यांचा चिमटा होता. तिनं माझ्याकडे बघितलं, ओळख नसल्यासारखं, आणि पुढे गेली. फोनवर खोली कुठे आहे विचारणारी ती बाई नवऱ्याला शोधायला स्वतःच आत गेली होती, हे मला कळलं आणि मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा आकडा बाराशेच्या खाली होता, आणि पावलांचा आवाज आता वेगळा ऐकू येत नव्हता, नुसती घरघर. वरून कुठूनतरी काच फुटल्यासारखं झालं. मला फक्त एक माणूस हवा होता. मी पुन्हा डोकावले. यादीच्या तळाला तो होता. धाकटा.

गावात लांबून एकाच माणसाशी बोलायची सोय होती. मी लिहिलं की मी ताई आहे, चूक माझी होती, तू चोर नाहीस हे मी सगळ्यांना सांगणार आहे, दार पूर्वेला आहे आणि उघडं आहे, तू का निघत नाहीस.

बराच वेळ नुसता ठिपका लुकलुकत होता. मग एकेक अक्षर उमटलं, सावकाश, नीटनेटकं.

'रांग आहे, ताई. पुढचे लोक चिडलेत, त्यांना आधी जाऊ दे.'